शेवटचं कडवं

विलापाच्या ऐन मध्यावर माझ्या तोंडात माशी गेली. अडतिसावं कडवं चालू होतं. कुंभारआळीतला एक म्हातारा वारला होता, चांगला पिकून वारला होता. त्याच्या मुलांनी रीतसर मला आणि माझ्या ढोलवाल्या दुदूला बोलावलं होतं, आणि मी त्याच्या दारात गुडघ्यांवर बसून, केस मोकळे सोडून, आ वासला होता. या आ-साठी आमच्या गिर्सू गावात माझं नाव आहे. त्यात ती गेली. मी गिळली. दुसरं काय करणार, देवीचा गाला, मयतावर रडणारा, विलापात खाकरत नाही. पण गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी गप्प होतो, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला मयताला आलेली माणसं काय बोलतात ते ऐकू आलं. एरवी ते सगळं माझ्याच आवाजाखाली झाकलेलं असतं. कुणी कांद्यांबद्दल बोलत होतं, कुणी कालव्यातल्या गाळाबद्दल. माझ्या पाठीमागे दोन बायका उभ्या होत्या, विणशाळेतून प्रेतावर घालायचं कापड घेऊन आलेल्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "निनहेदूची बोटं गेली गं. येत्या परवापासून तिला पाट्यावर घालतायत." दुसरी म्हणाली, "मग संपलंच की. हिवाळा नाही काढत ती." एवढं ऐकून मी कडव्याची उरलेली ओळ गायलो. चुकलो नाही, आवाज हलला नाही, उलट म्हाताऱ्याच्या थोरल्या सुनेनं नेमका तिथंच पहिला खरा हुंदका दिला. निनहेदू माझी बहीण आहे. थोरली.

विणशाळेतून दळणघरात जाणं म्हणजे एकाच आवारातल्या एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जाणं. चाळीस पावलं. परतीची पावलं कुणी मोजलेली नाहीत. दळणघरात बायका गुडघे टेकून ओळीनं बसतात, पुढ्यात काळ्या दगडाचा पाटा, हातात वरवंटा, आणि पहाटेपासून दिवस कलेपर्यंत सगळं आवार जेवेल एवढं जवाचं पीठ काढतात. आधी गुडघे जातात, मग कंबर, मग पिठाच्या धुळीनं छाती. मी तिथल्या बायकांसाठी कधी गायलेलो नाही. त्यांच्यासाठी कुणी गालाला बोलावत नाही. कुंभारआळीतून घरी चालत येताना मी स्वतःला तपासून पाहत होतो, रडू येतंय का. डोळे कोरडे होते. याचं मला नवल वाटलं नाही, तरी वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं खरं की सवयीचं हेही कळेना. नाभिकाला स्वतःचे केस कापता येत नाहीत, तसं काहीतरी असावं. तीन वर्षं मी तिला भेटलो नव्हतो. नवरा कालव्याच्या कामावर बुडाला तेव्हा तिचं नाव विणशाळेत लागलं. विधवांचं लागतंच. पहिल्या वर्षी मी दर सणाला तिच्यासाठी खारवलेला मासा घेऊन गेलो, दुसऱ्या वर्षी एकदा गेलो, आणि मग गावात माणसं फार मरायला लागली. गावभरच्या मेलेल्यांसाठी मला वेळ होता.

तिची बोटं मला चांगली आठवतात. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती अकराची. ती बोरूच्या चटया विणायची आणि मला पाठीला बांधलेलं असायचं. त्यामुळे मला तिचा चेहरा कमी आणि खांद्यावरून दिसणारी बोटं जास्त ठाऊक. मी रडायचो. भूक लागली की रडायचो, लागली नाही तरी रडायचो. तिचा हात थांबायचा नाही. शेवटी एके दिवशी तिनं मला इनान्नाच्या देवळात नेलं आणि तिथल्या म्हाताऱ्या गालासमोर उभं करून म्हणाली, "याला रडता येतं. दुसरं काही येत नाही." म्हाताऱ्यानं मला रडून दाखवायला सांगितलं. मला नेमकं हसू आलं. तर तिनं माझा दंड असा पिळला की देवळाच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. अशी माझी नेमणूक झाली. तेव्हापासून मी देवीपुढे बायकांच्या बोलीत रडतो. त्यामुळे गावातले पुरुष मला अर्धा समजतात आणि बायका दीड.

दुदू ढोल वाजवतो. तो कुर्गारा आहे, देवीपुढे कट्यार घेऊन नाचणारा. आता पोट सुटल्यामुळे कट्यार शोभेची आहे आणि नाच आठवणीतला. मी त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो कांदा सोलत होता.

"मग, उद्या जायचं?" तो म्हणाला.

"कुठे?"

"कुठे काय. विणशाळा चालवणाऱ्या निनमेलामबाईंकडे. सात दिवस झाले, कुशीत खडा अडकलाय त्यांच्या. वैद्य हरले. बाई कण्हतायत, खाली कुणी अडकलंय, एक गाला, एक कुर्गारा. अरे शेशकल्ला, आपला जन्म कशासाठी झालाय?"

आमच्या धंद्याची जन्मकथा गिर्सूत शेंबड्या पोरालाही पाठ असते. इनान्ना पाताळात उतरली. का उतरली याला प्रत्येक देवळाचं वेगळं उत्तर आहे. तिथं तिच्या बहिणीनं, पाताळाच्या राणीनं, तिला मारून खुंटीला अडकवलं. मोठमोठ्या देवांनी हात वर केले. शेवटी एन्की देवानं नखातला मळ कोरून काढला आणि त्याचे दोन चिमुकले जीव केले, बाई ना पुरुष, एक गाला आणि एक कुर्गारा. हातात शस्त्र नाही, मागे सैन्य नाही. माश्यांसारखे दाराच्या फटीतून आत शिरले. राणी आजारी, लोळत पडलेली. ती म्हणाली, हाय माझं पोट. हे म्हणाले, हाय गं तुझं पोट. ती म्हणाली, हाय माझी पाठ. हे म्हणाले, हाय गं तुझी पाठ. एवढीच लबाडी. जग झाल्यापासून तिच्याजवळ बसून कुणी कण्हलेलं नव्हतं. ती विरघळली. नदी घ्या म्हणाली, शेत घ्या म्हणाली. एन्कीनं पढवूनच पाठवलं होतं की तिथलं काही तोंडाला लावू नका, तेव्हा यांनी काही घेतलं नाही. ते खुंटीवरचं मांस द्या, म्हणाले. आणि इनान्ना सुटली. वर येताना पाताळाचे शिपाई मागे लागले, हिच्या जागी दुसरं कुणीतरी द्या म्हणून. हा भाग लोक जरा घाईनं सांगतात. आमच्या देवळात ही कथा वर्षातून एकदा होते आणि लोक त्या दोघांच्या हुशारीला टाळ्या देतात. मला लहानपणापासून एकच शंका. राणी कण्हत असताना त्या दोघांना खरंच काही वाटलं का? म्हाताऱ्या गुरूंना विचारलं होतं. ते म्हणाले, कडवी पाठ कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही विणशाळेच्या दारात उभे राहिलो. उंच भिंतीचं आवार, उजवीकडे मागांचं लांब छप्पर, डावीकडे दळणघर, समोर बाईंचं घर. दळणघरातून पाट्यांची घरघर येत होती आणि मी तिकडे बघायचं टाळत होतो. रात्रभर मी स्वतःला बजावलं होतं की काही तोंडाला लावायचं नाही. गोष्टीतल्यासारखं नव्हे, कामापुरतं बजावलं होतं. आमच्या धंद्याचा नियम साधा आहे. ज्या घरची दारू गालानं घेतली त्या घराचा तो गळा झाला. मग घराचं दुखणं गायचं, स्वतःचं काही मागायचं नाही. आत गेल्याबरोबर एका दासीनं वाडगा पुढे केला. जवाची दारू, कोमट, तळाशी खजूर. गळा मोकळा व्हावा म्हणून गाण्याआधी अशीच देतात, बावीस वर्षं अशीच देतात. मी वाडगा घेतला, डोळे मिटले, मान मागे टाकली. खजुराची बी दाताला लागली तेव्हा मला कळलं की मी काय केलं. भीतीनं नव्हे, मोहानं नव्हे, हात आपोआप गेला. लढाईवर निघालेल्या न्हाव्यानं शत्रू दिसताच त्याच्या गळ्याला फडकं बांधावं, तसा. मी दुदूकडे पाहिलं. तो दुसरा वाडगा संपवत होता.

निनमेलामबाई खाटेवर आडव्या होत्या. मोठं हाड, घामानं कपाळाला चिकटलेले केस, ओठ चावून सुजलेले. कळ आली की त्या भिंतीवर पालथा हात आपटायच्या आणि कळ गेली की हाताकडे असं बघायच्या जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"हाय माझी कूस," त्या म्हणाल्या.

"हाय हो बाई, तुमची कूस," मी म्हणालो.

"हाय माझी पाठ."

"हाय हो, तुमची पाठ," दुदू म्हणाला. त्याचं तोंड अजून ओलं होतं.

बाईंनी एक डोळा उघडला. "गळा चांगला आहे. गोष्टही चांगली आहे, माझी आजी सांगायची. तर, खुंटीवर कोण आहे तुमचं?"

मी तोंड उघडलं.

"थांब. दारू घेतलीस?"

"घेतली."

"आणि हा?"

"दोन," दुदू म्हणाला. "छान होती."

"मग काही मागायचं राहिलं नाही. आधी दारू, मग दार, हा मी घातलेला नियम आहे. आठवड्याला तीन-तीन जण येतात रे, नखातले. कुणाला भाची सोडवायचीय, कुणाला मेव्हणी. सगळे कण्हतात. एकाला तर माझी कळ कुठल्या बाजूला आहे तेही माहीत नव्हतं, भलत्याच कुशीवर हात ठेवून विव्हळत होता." त्यांना हसू आलं, आणि हसण्यानं कळ उठली, आणि त्या कळीत त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, सात-आठ वर्षांच्या मुलीसारखा. मी पुन्हा हाय म्हणालो. या वेळी कुणाला उत्तर म्हणून म्हणालो नाही, निघून गेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. "जा, अंगणात बसा," त्या म्हणाल्या. "गायचंय तर गा. खडा ऐकत असेल तर ऐकेल."

अंगणात जाऊन बसेपर्यंत मी संपलेलो होतो. चांगलं आठवतं, जमीन थंड होती आणि मी विचार करत होतो की साठ कडवी गायची, दुपारी जेवायचं, घरी जायचं, उद्या ती पाट्यावर बसेल. चौदाव्या-पंधराव्या कडव्याला मला जाणवलं की काहीतरी नाहीये. घरघर नाहीये. दळणघर गप्प होतं. अर्थातच गप्प होतं. घरात विलाप सुरू झाला की त्या घरात दगडावर दगड फिरत नाही, आणि आतलं माणूस बाहेर, बाहेरचं आत उंबरा ओलांडत नाही. अर्धा ऐकलेला विलाप देवाला शिवीसारखा लागतो. सुरू झालेला विलाप कुणी थांबवायचा नाही. तो गालानं शेवटचं कडवं म्हणूनच मिटवायचा. इतकी वर्षं मी ज्या ज्या घरी गायलो तिथं असं सगळं थांबत असणार. पण मी दुपारपर्यंत आटोपत आलो होतो, आणि माझ्याच आवाजाखाली ती शांतता मला कधी ऐकू आली नव्हती. दारू घेतली म्हणून मागता येत नाही, ठीक. पण दारू घेतली म्हणूनच मी या घराचा गळा होतो. हा गळा बाईंनीसुद्धा आता दाबायचा नव्हता. मी सोळावं कडवं घेतलं. आतल्या आत काहीतरी गुडघे टेकून, दोन्ही हात घट्ट करून बसलं आणि म्हणालं, बघू.

एकोणसाठावं झालं, आणि मी एकसष्टावं म्हणालो. मधलं, साठावं, शेवटचं, बाजूला ठेवलं. एकसष्टावं कडवं असत नाही. दुदूनं ढोलावरून मान वर केली. साठाव्यानंतर माणसं जेवायला जातात. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. एकसष्टाव्यात मी बाईंच्या कुशीचं गायलो, बासष्टाव्यात त्यांच्या पाठीचं, त्रेसष्टाव्यात त्यांच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं. तो सकाळी गाढवं घेऊन बाहेर गेला होता आणि आता उंबऱ्यापलीकडे उभा होता, त्यालाही ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. मग गाढवांचं. मग आवारातल्या तुंबलेल्या मोरीचं. घराचा गळा म्हटल्यावर घरातलं काहीही दुखू शकतं. दुपार टळली तेव्हा दुदूला उमगलं. तो मांडी बदलून पैस बसला आणि ढोलाचा ठेका असा सैल केला, जो माणूस जन्मभर वाजवू शकेल. मी झोपलो की ढोल चालू राहायचा, तो झोपला की गळा. दोन्ही एकदम थांबले नाहीत की विलाप जिवंत असतो. उंबऱ्यापलीकडून नवरा ओरडला, "अगं, किती वेळ?" आतून बाईंचा आवाज आला, "मला काय विचारता, मी आजारी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागांबद्दल गायला लागलो. एकेका मागाचं एकेक कडवं. रचायला काही तरी हवं म्हणून मी मागापुढच्या बोटांकडे आलो. लोकर विंचरणारी बोटं, धागा ओढणारी, थंडीत न वाकणारी. खांद्यावरून दिसणारी बोटं. बोरूनं कापलेली आणि तरी न थांबणारी. मी कुणाचं नाव घेत नव्हतो, नियम मोडत नव्हतो. पण माझ्या हळूहळू लक्षात आलं की मी रचत नाहीये, आठवतोय. एरवी मी गातो तेव्हा आत एक माणूस बसलेला असतो, हिशेबी, कुठे श्वास घ्यायचा ते बघणारा. तो कुठेतरी गेला होता. मागांच्या छपराच्या खांबाला टेकून ती उभी होती. केस पांढरे झालेले, दोन्ही हात काखेत दाबलेले, ऊब मिळावी म्हणून. तीन वर्षांनी मी तिला पाहिलं. तिनं माझ्याकडे जसं पाहिलं तसं बघणारं जगात दुसरं कुणी नाही. याला रडता येतं, दुसरं काही येत नाही. दुपारी घरातून एक किंकाळी आली, मग शांतता, मग बाईंचा स्वच्छ आवाज, "कलिंगड आणा." खडा पडला होता. मी गात राहिलो.

तिसऱ्या दिवशी आवारातलं पीठ संपलं. सगळ्यांनी खजूर आणि वाळलेले मासे खाल्ले, पोरं रडायला लागली, त्यांच्यावर मी एक कडवं केलं. माझा आवाज फाटत आला होता. तेव्हा निनमेलामबाई बाहेर आल्या, स्वतःच्या पायांनी, आणि माझ्यासमोर तिवईवर बसल्या. तोंड धुतलेलं, डोळ्यांत सुरमा. बऱ्या झालेल्या माणसाइतकं भीतिदायक काही नसतं.

"माझं थांबलं," त्या म्हणाल्या. "तू कधी थांबतोस?"

मी मोरीवरचं कडवं पुन्हा घेतलं.

"मागता येत नाही तुला, माहीतय. नको मागू. मीच विचारते." त्यांनी बायकांना अंगणात उभं केलं आणि माझ्या चेहऱ्यावर डोळे रोखून एकेकीचं नाव घ्यायला लागल्या. अमागीना. गेमेतूर. निनशाग. मी गात होतो. निनहेदू. मी गात होतो. सूर हलला नाही, पापणी लवली नाही, बावीस वर्षांची मेहनत आहे. पण दुदूचा एक ठोका चुकला.

"अच्छा," बाई म्हणाल्या.

"मेल्या," निनहेदू दुदूला म्हणाली. आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं.

"कोण हा तुझा?" बाईंनी माझ्याकडे बोट करून तिला विचारलं.

"भाऊ आहे. धाकटा. हट्टी आहे, पहिल्यापासून."

"घेऊन जा म्हणते मी हिला," बाई मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. होती ती थकलेल्या घरधनिणीची घाई. "पण पाटा रिकामा राहत नाही. उद्या हिच्या जागी मी कुणाला बसवू? ही बघ, निनशाग, हिला दोन पोरं आहेत. ही गेमेतूर, हिचा हात मागावर सोन्यासारखा आहे. तुमच्याच गोष्टीत आहे ना रे, जागा भरल्याशिवाय कुणी वर येत नाही? तो भाग तुम्ही लोक गडबडीनं म्हणता. सांग, कुणाला?"

निनशागनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिच्या त्या बघण्यात विनवणी नव्हती, सवय होती. तीन दिवस मी या आवारातल्या झाडून सगळ्या दुखण्यांवर कडवी केली होती आणि हे एक माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटतं मी तेव्हा विचार केला नाही. किंवा केला, आणि तो फार छोटा होता: की विलाप मिटल्याच्या क्षणाला पाटा रिकामा असता कामा नये. मी गातच उठलो. गुडघे आखडले होते. दुदू ढोल वाजवत मागे आला. त्याला वाटलं देवाला प्रदक्षिणा आहे. मी दळणघराच्या छपराखाली गेलो, ओळीतल्या शेवटच्या मोकळ्या पाट्यापुढे गुडघे टेकले, वरवंट्यावर दोन्ही हात ठेवले, आणि मग साठावं कडवं म्हणालो, ते शेवटचं, ज्यात देवाला विनवतात की आता घरी परत ये, राग विसर. अर्ध्यातच आवाज गेला. उरलेलं कडवं नुसत्या ओठांनी म्हटलं. ढोल थांबला. सगळ्या आवारानं श्वास सोडला, आणि माझ्या शेजारच्या बाईनं पाट्यावर जव ओतले.

बाईंनी वरवंट्यावरच्या माझ्या हातांकडे पाहिलं. "पुरुषाचे हात आहेत," त्या म्हणाल्या, "चालतील." आणि गेल्या.

निनहेदू उंबऱ्याकडे गेली नाही, आधी माझ्याकडे आली. तिनं काखेतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. बोटं लाकडासारखी होती, त्यांना काही कळत नसणार. मला कळलं. "ऐक," ती म्हणाली. "सुगीपर्यंत तू. जव कापून झाले की मी येणार, अर्धं वर्ष. मग पुन्हा तू. बाईंना सांगून ठेवते. मान हलव." आवाज नव्हता म्हणून मी मान हलवली. भांडायलाही आवाज लागतो.

हिवाळा मी काढला. मी म्हणतो त्यात माझं कौतुक काही नाही, शेजारची अमागीना मला वरवंटा खांद्यानं नाही, कमरेनं ढकलायला शिकवत होती. ती दोन वर्षं तिथं होती आणि खोकत होती. वरवंटा ओढताना बायका हलक्या आवाजात काहीबाही गुणगुणतात, त्यात दुःख वगैरे काही नसतं, बहुतेक चहाडी असते. मी ऐकत होतो. गुडघ्यांना आधी फोड आले, मग घट्टे. पंधरा-वीस दिवसांनी माझा आवाज परत आला. एके दिवशी शिंक आली तेव्हा कळलं. मी कुणाला सांगितलं नाही. बोट दाखवून मीठ मागायचो, मान हलवून हो म्हणायचो. गाला मुका झाला म्हणून देवळातून एक माणूस हळहळून गेला. दुदू दर सणाला उंबऱ्यापलीकडून खारवलेला मासा द्यायचा आणि खूप बोलायचा, कारण मी बोलणार नाही याची त्याला खात्री होती. तिची बोटं सुधारतायत, तो सांगायचा. परवा तिनं सुईत दोरा ओवला, एकदा चुकून. कांदे चिरते. मला शिव्या देते. रोज संध्याकाळी भिंतीवर एक रेघ ओढते, सुगीला किती दिवस उरले त्याची.

काल जवाची कापणी संपली. आज सकाळी ती आली. मला पाट्यापुढून आवाराचं दार सरळ दिसतं. स्वच्छ धुतलेलं वस्त्र, डोक्याला फडकं, काखोटीला गाठोडं. मागे दुदू, चेहरा पाडून, ढोल गळ्यात. त्याला मी निघालो की मला देवळात मिरवत न्यायचं होतं. दासीनं दार उघडलं. बाई घराच्या ओट्यावर उभ्या होत्या, आज करार पुरा होताना बघायला, आणि त्यांनी हातानंच 'ये' अशी खूण केली. निनहेदूनं उंबऱ्यापाशी चप्पल काढली. गाठोडं उजव्या हातातून डाव्यात घेतलं. उजवा पाय उचलला.

इथल्या बायकांना रोज सकाळी घरची दारू मिळते, पाणचट, पण घरचीच. सहा महिने मी रोज घेतली होती. मी वरवंटा खाली ठेवला, मान मागे टाकली आणि पहिलं कडवं उचललं.

तिचा पाय हवेत राहिला. छपराखाली एकामागून एक दगड थांबत गेले. अमागीना मागे टेकून बसली आणि तिनं पाय लांब केले. मी तिला पाय लांब केलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"शेशकल्ला," निनहेदू म्हणाली. "बंद कर."

मी दुसरं कडवं घेतलं.

"बंद कर म्हणते ना. मान हलवली होतीस तू. लबाडा." तिनं पाय मागे घेतला, पलीकडेच. घेणं भागच होतं. दुदू तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू पसरलं, आणि त्याचे हात आपणहून ढोलावर गेले. तिनं त्याच्या दंडाला चिमटा काढला. त्यानं ठेका सोडला नाही.

निनमेलामबाई ओट्यावरून चार पायऱ्या उतरून आल्या. दळणघराकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, की मला नुसतं तसं वाटलं, सांगता येत नाही. "किती कडवी आहेत रे याची?" त्यांनी उंबऱ्यापलीकडे दुदूला विचारलं.

"बाई, मुळात साठ," दुदू म्हणाला.

"हं," बाई म्हणाल्या. आणि मग निनहेदूला, "तू घरी जा गं. ऊन वाढतंय. याचं काही लवकर आटपत नाही."

ती गेली नाही. उंबऱ्याबाहेर गाठोड्यावर बसली आहे, हात मांडीवर, बोटं उघडी, उन्हात. अधूनमधून मला शिवी देते. मी बाराव्या कडव्यावर आहे. गुडघ्यांखाली दगड आहे, पिठाच्या धुळीनं घसा खवखवतोय, आणि मी अगदी आनंदात आहे. म्हणजे या विलापात कणभरही खरं दुःख नाही, हे मी कुणालाही शपथेवर सांगेन. तरी उंबऱ्यापलीकडे रस्त्यानं जाणारी माणसं थांबतायत, डोक्यावरची ओझी उतरवून ठेवतायत, आणि डोळे पुसतायत. इतकं चांगलं मी आजवर कधी रडलो नव्हतो.